चकचकीत पुंगळ्या आणि माझं उरलेलं सामान

मी, हेमचंद्र दशरथ गुंजाळ, वय बावन्न, मूळ गाव सिन्नर, सध्या राहणार अल खोर, कतार, काम बंदूकदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, मी काही प्यायलेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे. हात मात्र सकाळपासून गार पडलेत, म्हणून अक्षर वाकडं आलं तर सही खोटी समजू नये.

उद्या सकाळी, मी कामाला आहे त्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर, पुन्हा भरलेली काडतुसं मला स्वतः झाडून दाखवायची आहेत. म्हणून आजच लिहितो.

कलम १. नाशिकचा फ्लॅट आणि बँकेतलं सगळं पत्नी सौ. अलका हिचं. त्यात भावकीने तोंड घालू नये.

कलम २. काही झालंच, तर मला तोंड झाकूनच गावी न्यावं. अलका हट्ट करेल. तिला फक्त हात दाखवावेत. हात ती ओळखेल.

कलम ३. माझी हत्यारं, मायक्रोमीटर आणि सायकलच्या तारेची आकडी अनुजाला. अनुजा म्हणजे माझा मेहुणा मयूर याची मुलगी, आमच्याच क्लबची नेमबाज. काडतुसाची झाडलेली रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी ही आकडी आत घालून भिंतीवरून ओढायची. बुडाजवळ टोक अडकलं, तर तिथे पितळ झिजलंय, पुंगळी फेकायची. हे मला कोणी शिकवलं नाही. शेकडो पुंगळ्या उभ्या कापून मी शिकलो.

कलम ४. भांडणाचं कारण लिहून ठेवतो, मागाहून कोणी वेगळं सांगू नये.

अनुजाच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, हाताने ओढावा लागतो. तिच्यातली पुंगळी निवांत निघते, हातात घेता येते. क्लबमधल्या सेमी-ऑटोमॅटिकला, म्हणजे पुंगळी आपोआप फेकणाऱ्या रायफलीला, तेवढा धीर नाही. गोळी सुटल्याबरोबर, पुंगळी अजून फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, चिकटलेली असतानाच, ती तिला कडेने धरून उपटते आणि बाहेर भिरकावते. कड ओरबाडते, तोंड चेपतं. शिवाय गोळी अडकू नये म्हणून त्या रायफलीचं चेंबर सैल ठेवलेलं, त्यात पुंगळी जास्त ताणली जाते. ताणलेली पुन्हा दाबून मापात आणली की बुडाजवळ पातळ होते. अशी पुंगळी मी एकदा भरतो, दुसऱ्यांदा भरत नाही. बूड फाटलं तर आतला जाळ मागे येतो, आणि मागे डोळा असतो.

दोन्ही जातींच्या पुंगळ्या, माप एकच असलं तरी, मी वेगळ्या डब्यांत ठेवायचो. मी सुट्टीवर असताना, माझ्यासोबतच कामाला असलेल्या मयूरने आवराआवर काढली. सगळ्या एकत्र केल्या, चेपलेली तोंडं सरळ केली, यंत्रात घासून सोन्यासारख्या केल्या आणि भरूनही टाकल्या. ज्या खुणांवरून मी ओळखायचो, त्या गेल्या. आता आत दारू आहे, आकडी घालता येत नाही.

मी आरडाओरडा केला. मयूर म्हणाला, "दाजी, तुम्हाला मळकं तेवढंच खरं वाटतं." क्लबचे मॅनेजर म्हणाले, "झगडा नहीं, यल्ला, चलो, कल फायर करके दिखाओ." शुक्रवारी अनुजाची स्पर्धा आहे, काडतुसं हीच. मी नाही म्हटलं तर मयूर झाडणार. अलकाला एकच भाऊ आहे. म्हणून मी हो म्हटलं. पण माझ्या दहा नीट सुटल्या म्हणून अकरावीचं काय, हे मला रात्रंदिवस खातंय.

कलम ५. मयूरला काहीही नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं मी वाचलंय, तेव्हा साक्षीला तोच योग्य. अट एकच, सगळं वाचून सही करावी.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी.

मयूर दुपारी सहीला आला. कलम चार वाचताना तो मधेच थांबला.

"दाजी, अनुजा सकाळी यातल्याच काडतुसांची एक डबी घेऊन गेलीय. सरावाला."

तिचा फोन लागेना. मयूरने गाडी काढली. रेंजवर पोचलो तर ती चटईवर पालथी, गाल रायफलला टेकलेला. गोळीबार चालू असताना ओलांडायची नसते त्या लाल रेषेबाहेरूनच मयूर ओरडला. तिने बोल्ट उघडला, उठून बसली.

"काय झालं, बाबा? काका, तुम्हीपण?"

"काही वेगळं जाणवलं का गं?" मी विचारलं.

"आत्ताची एक जरा घट्ट निघाली. बाकी मस्त."

ती घट्ट निघालेली मी उचलली. बुडाच्या वर, अर्ध्या गोलाईत, केसाएवढी चीर होती. उरलेल्या अर्ध्यावर ती टिकली होती. तिथून बोटभर मागे तिचा गाल होता.

मयूरने ती हातात घेतली आणि वाळूतच बसला. मग त्याने उरलेली सगळी काडतुसं कुलपात घातली, मॅनेजरला फोन केला, "गलती मेरी है, टेस्ट नहीं होगा." उद्याची चाचणी रद्द. तरी हे मृत्युपत्र मी फाडत नाही. हात अजून गार आहेत.

कलम ५ मध्ये दुरुस्ती : ती चिरलेली पुंगळी मयूरला. घासायची नाही, कामाच्या टेबलावर समोर ठेवायची. आता त्याला काही मिळालं, म्हणून साक्षीदारांतून त्याचं नाव खोडलं आहे.

सही : हेमचंद्र दशरथ गुंजाळ
साक्षीदार १ : देवव्रत साने, शेजारी
साक्षीदार २ : ~~मयूर~~ इब्राहीम, रेंजचे रखवालदार
स्थळ : अल खोर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४