ढैंचा गाडायच्या आधी

२ जून
मेघा मॅडम ढैंच्याचं बी ठेवून गेल्या. म्हणाल्या, "जागृतीताई, हे झाड खार सोसतं. पाऊस झाला की फेका. कमरेएवढं वाढलं की फुलावर यायच्या आत रोटाव्हेटर मारून तिथंच मातीत गाडा. दोन-तीन वर्षं असं केलं की जमीन मोकळी होईल." त्या हिंगणघाटच्या एका संस्थेत आहेत. गावोगावच्या खारवट जमिनी बघत फिरतात. भली बाई आहे.
मी हो म्हटलं. त्या तुकड्यात माझी मुलगी आहे हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

३ जून
कालवा झाला तेव्हापासून तिथं पाणी साचतं. साचून साचून माती पांढरी पडली. वर पापडासारखी खपली. कपाशीचं, आमच्या पराटीचं, एक बोट उगवत नाही.
मुलगी सेवाग्रामच्या दवाखान्यात झाली, दोन दिवस राहिली आणि गेली. मी खाटेवरच होते. माझे सासरे, मामाजी, तिला घेऊन आले आणि या तुकड्यात पुरलं. तिथं नांगर जाणार नाही, म्हणून. आमच्याकडं लेकरू पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. वर खूण ठेवत नाहीत. बाप पाठ करून उभा राहतो. माय तर जातच नाही.
मागच्या हिवाळ्यात मामाजी वारले. जागा त्यांनाच माहीत होती. मी त्यांना विचारलं का नाही? विचारणारच होते, रोज उद्या-उद्या करत राहिले.

४ जून
सासूबाईंना विचारलं. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाल्या, "मले काय माहीत? बाप्यायचं काम ते. अन् मायनं जागा पाह्यली तर मंग कूस भरत नाई. शोधू नोको."
मला इतका राग आला. भांडी आपटली.

१९ जून
बी फेकलं. अनवाणीच. पाऊल टेकवताना दर वेळी वाटायचं, इथं असेल तर? मध्येच एका जागी छाती दाटून आली, दूध उतरायचं तसं. दोन वर्षं झाली तरी! तिथं खाली बसले, हातानं चाचपलं. मग चार पावलांवर पुन्हा तसंच. माझ्या अंगावरही भरवसा राहिला नाही.

२२ जून
मीठ पुन्हा संपलं. माझा नवरा योगेंद्र आईवरून म्हणतो, "बुढी मिठाची भाजी करते का काय."

३० जून
उगवलं. त्या पांढऱ्यावर हिरवं बघून आनंद व्हायला पाहिजे होता. भीतीच वाटली. पांढरं होतं तोवर सगळा तुकडाच तिचा होता. आता तो शेत व्हायला लागला.

१५ जुलै
सासूबाईंची कटकट सुरूच. "त्या तुकड्याले हात लावाचं काही अडलं होतं का? तुले शेती कराची हाय का भूत काढाचं हाय?"
योगेंद्रनं ट्रॅक्टरवाल्या चंदनला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं आहे. उशीर झाला तर ढैंच्याची काडी टणक होते, कुजत नाही. मी म्हटलं, ती कुठं आहे ते कळल्याशिवाय पातं चालू देणार नाही. रोटाव्हेटर काय काय वर काढेल!
तो चिडला. "पुरा तुकडा पांढरा होता. कुठी कुठी शोधशीन?"
मग बांधावर बसून राहिला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "मी पाठ करून उभा होतो. एक डाव वळून पाह्यलं असतं तर?" त्याला असं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. चहा तसाच थंड झाला.
थोड्या वेळानं म्हणाला, "बाबांनी तो कोपरा पांढरा व्हायच्या आधीही कधी वाह्यला नाई. मी लहानपणी विचारलं तं म्हणे, राहू दे, थकलो." आम्ही दोघंही मामाजींच्या आळसावर जरा हसलो.

२८ जुलै
सापडली.
ढैंचा कमरेच्या वर गेलाय. आत शिरले तर कोपऱ्याकडं एक मोकळी जागा. पाळण्याएवढी. चारी बाजूंनी दाट हिरवं आणि तेवढंच पांढरं. बी तर मी तिथंही फेकलं होतं. जळून गेलं. मामाजींनी टाकलेल्या मिठानंच.
मी तिच्याशेजारी आडवी झाले. खूप बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

३१ जुलै
मेघा मॅडमना सगळं सांगून जागा दाखवली. त्यांचे डोळे भरले. पण मग खाली बसल्या, वरची माती बोटांत चोळली. "ताई, हे दोन वर्षांपूर्वीचं नाही. एवढ्या पावसात ते केव्हाच विरघळलं असतं. हे खडे बघा. हे घरातलं मीठ आहे. कुणीतरी आत्ता-आत्ता टाकलंय."
घरी येऊन मिठाची बरणी उघडली. कालच भरली होती. निम्मी झालेली.
म्हणजे बुढीला पहिल्यापासून जागा माहीत होती! मी वेड्यासारखी माती चाचपत फिरले आणि ही नुसती बघत राहिली. आज तिच्या हातचं जेवले नाही.

३ ऑगस्ट
दुपारी सासूबाई पदरात मीठ बांधून निघाल्या. मी मागं मागं. भांडायचंच ठरवून गेले होते. त्या माझ्या मोकळ्या जागेपाशी थांबल्या नाहीत. पुढं दोन हातांवर ढैंचा बाजूला सारला. तिथं आणखी एक मोकळी जागा. तेवढीच. आधी तिथं मूठभर टाकलं, मग माघारी येऊन माझ्या लेकीच्या जागेवर.
मला बघून दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "ते माही पोरगी. योगेंद्रच्या आधीची. म्याही शोधलीच होती, तरी मंग योगेंद्र झाला. तुह्या मामाजीले म्याच सांगतलं, इले तिच्याजवळच ठेवा."