शुक्रवारचं हसू

ता. ४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. तुमची नवी कवळी बोलताना खुळखुळते म्हणे! आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून घडली असती, तर मामीला हसायला एक कारण कमी पडलं असतं.

इथे विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, पण ती मला द्यायला साहेब कांकूं करताहेत. याआधी दोनदा मला डावललं. ‘कामात खोट नाही, पण तुम्ही परमुलखातले लोक आमच्यात मिसळत नाही,’ असं साहेब म्हणतात. अवघड कवळ्या मात्र नेमक्या माझ्याच टेबलावर येतात. मन खट्टू झालंय.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठमी

ता. १५ मार्च

चि. ठमीस,
अ. आ. माझ्या कवळीची टिंगल पुरे. तुझी मामी दिवसभर त्या साहेबाला शिव्यांची लाखोली वाहते आहे.

माझं ऐक. शुक्रवारी सुटल्यावर ते सगळे समोरच्या हॉटेलात बसतात ना, तिथे जा. घटकाभर बस, चार विनोदांना हस. आपल्या बापाचं काय जातं?
तुझा मामा

ता. २ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. गेले होते. मेणाचे साचे करणारी माझी मैत्रीण आपल्याकडचीच. तिलाही ओढून नेलं. साहेबांनी तिच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. ती शेजारी बसली असताना मीही हसले, मामा.

सोमवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, की जागा तुझीच. म्हणाले, तू काही त्या परमुलखातल्यांपैकी वाटत नाहीस. मैत्रीण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला स्वतःची लाज वाटते. जागा घेऊ की सोडू?
तुमची ठमी

ता. १२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ. जागा तुझ्या कामाची आहे, सोडू नकोस. पण जिथे हसलीस तिथेच, त्या सगळ्यांदेखत, तिची माफी माग. त्यानंतरही जागा राहिली, तर मामी गल्लीभर मिरवेल. जपून राहा.
तुझा मामा

ता. ३० एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. माफी मागितली. साहेब म्हणाले, एवढंतेवढं मनाला लावून घेणाऱ्यांना माणसं सांभाळता येत नाहीत. जागा एका नवख्याला दिली. घरी येऊन खूप रडले.

आज त्याला काम शिकवायला मलाच सांगितलं. मी नाही म्हटलं. मग साहेब मैत्रिणीच्या टेबलाशी गेले. तीही नाही म्हणाली.

तुमचीच,
ठमी