ऐकणाऱ्यांची सुनावणी

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते, मग बातमी सांगते. बढती नाही मिळाली, पण त्याहून मजेचं काम मिळालंय. सार्वजनिक रेडिओच्या सगळ्या केंद्रांचा आढावा सुरू झालाय. कुठलं केंद्र चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं हे एक समिती ठरवणार आहे, आणि श्रोत्यांचं म्हणणं गोळा करून समितीपुढे ठेवणाऱ्या विभागात माझी नेमणूक झालीय. दिवसभर लोकांची पत्रं, फोनवरचे निरोप आणि संगणकावर भरलेल्या प्रश्नावल्या वाचायच्या. एक गृहस्थ लिहितात, बातम्या देणाऱ्या बाईंना सर्दी झाली की त्यांनाही शिंका येतात. हसून हसून पोट दुखतं, आणि पुढच्याच कागदावर कुणीतरी असं काही लिहिलेलं असतं की माझा हात थांबतो. बाबा म्हणतात, हे काम तुझ्या आत्याला द्यायला हवं होतं, तक्रारींचा तिला दांडगा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट. मसुदा कालच जाहीर झाला, म्हणून सांगायला हरकत नाही. ज्या केंद्रांना श्रोत्यांचा प्रतिसाद कमी, ती बंद करून तिथे राजधानीचेच कार्यक्रम ऐकवायचे, असा प्रस्ताव आहे. त्यात तुमच्या गावाचं केंद्र आहे. शेरा एवढाच: प्रतिसाद नगण्य.

मी तो तीनदा वाचला. सुट्टीत मी तुझ्या लाँड्रीत येऊन बसायचे, तेव्हा रेडिओ बंद असलेला मला एकदाही आठवत नाही. मग तुमच्यापैकी कुणीच प्रश्नावली कशी भरली नाही? लगेच कळव. आतोबांना नमस्कार. माझ्यावरची माया कामाच्या गडबडीतही पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बुटकी

दि. १३ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तू ऑफिसर झालीस तरी पत्राखाली बुटकीच लिहितेस, हे पाहून बरं वाटलं. बाकी पत्र वाचून डोकं फिरलं.

कुठली प्रश्नावली? मी लाँड्रीत सगळ्या जणींना विचारलं. कुणाच्या कानावरसुद्धा ती आलेली नाही. आमचे हात सकाळपासून दवाखान्याच्या ओल्या चादरींमध्ये. वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून संगणकावर खुणा कोण करणार? पण कान मोकळे असतात ना. हवामान, फेरीबोटींच्या वेळा, दुपारची गोष्ट, संध्याकाळच्या शोकवार्ता, सगळं आम्ही त्याच एका केंद्रावर ऐकतो. तुमच्या मोजणीत आमच्या रेडिओचे श्रोते किती धरतात ते मला सांग. धरतच नसतील, कारण तो घरात नाही, फळीवर साबणाच्या पिंपाशेजारी आहे. बेकरीत, केशकर्तनालयात, बोटीवर हीच तऱ्हा. गाव कान लावून बसलंय आणि तुम्ही म्हणता नगण्य.

आणि तक्रारींबद्दल दादाने बोलू नये. आमच्या केंद्राच्या त्या निवेदकाला मी वर्षानुवर्षं पोस्टकार्डं लिहिली म्हणून त्याचे उच्चार माणसांत आले.

तू तिथेच बसली आहेस, तर समितीच्या कानात एक शब्द टाक. एवढं तर आत्यासाठी करशील? केंद्र गेलं तर इथे दिवसभर फक्त यंत्रांची घरघर उरेल. इस्त्रीवरची आमची गप्पी, जी एरवी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही, ती म्हणाली की राजधानीचा रेडिओ चांगला असेल, पण आमच्या गावात कोण वारलं हे त्याला कुठून कळणार?

उत्तराची वाट बघते. आशीर्वाद आहेतच, ते पोचले असं समज.

आत्या

दि. १९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातला रेडिओ आणि साबणाचं पिंप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण शब्द टाकणं मला जमणार नाही. रागावू नकोस. पत्र मिळालं त्याच दिवशी मी समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेले आणि माझी आत्या त्या गावात राहते, हे सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, बरं केलंत. तुमच्या केंद्राविषयी मी मत द्यायचं नाही, फक्त लोक काय बोलतात ते उतरवून घ्यायचं, असं ठरलं.

पण आत्या, एक वाट आहे, आणि ती सगळ्यांना खुली आहे. पुरेशा श्रोत्यांनी मागणी केली तर समितीला त्या गावी येऊन जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. आमच्या नियमांत तसं लिहिलंय. आजवर कुणी मागितलीच नाही, कारण कुणाला माहीत नाही. मी ते वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. शेजारच्या टेबलावरचे काका विचारायला लागले, लग्न ठरलं का म्हणून.

कागद कसलाही चालेल. मात्र एकाने लिहून सगळ्यांनी खाली सह्या ठोकू नका. एकसारखा मजकूर आला की आमच्याकडे ते एकच पत्र धरतात. ज्याने त्याने आपलं आपण लिहावं, वेडंवाकडं असलं तरी. आणि तू सगळ्यांचं शुद्धलेखन तपासायला बसू नकोस, एवढी कृपा कर.

ही वाट मी कुणालाही सांगितली असती, म्हणून तुलाही सांगितली. यापुढे निकाल लागेपर्यंत मी या विषयावर लिहिणार नाही. पण तू लिहीत राहा. तुझ्या पत्रावाचून करमत नाही.

तुझी,
बुटकी

दि. १० मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

येणार! समिती येणार. सरकारी पाकीट लाँड्रीत आलं तेव्हा माझे हात साबणाने भरलेले, म्हणून गप्पीने ते फोडून मोठ्याने वाचलं. तिचा आवाज एवढा खणखणीत आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

गेले काही दिवस गावात दुसरा विषय नाही. बेकरीवाल्याने पावाच्या कागदी पिशवीवर पत्र लिहिलं. केशकर्तनालयात गिऱ्हाईक दाढीला बसलं की हातात आधी कागद द्यायचे आणि मग साबण लावायचे. शुद्धलेखन मी तपासलं नाही. फक्त दोघांचं, कारण वाचवेना. आतोबांनी स्वतःचं पत्र मला दाखवलंच नाही, पाकीट चिकटवून थेट पेटीत टाकलं. चाळीस वर्षांच्या संसारात ही पहिली चोरी.

आणि ऐक, परवा तो निवेदक लाँड्रीत आला. आवाजावरून मला वाटायचं, दारात मावणार नाही असा उंच माणूस असेल. हा माझ्या खांद्याला लागतो. हातात टोपी चुरगाळत उभा होता. आधी वाटलं कपडे टाकायला आला. मग हळूच म्हणाला की, माझी सगळी पोस्टकार्डं त्याला पोचलीत, त्यांतलं सगळं खरं आहे, पण सुनावणीच्या दिवशी मी बोलले नाही तर बरं होईल. बिचाऱ्याला वाटत होतं, मला केंद्र बंद व्हायलाच हवंय. मला इतकं कसंतरी झालं. मी त्याला बसवून चहा पाजला आणि शब्द दिला की त्या दिवशी गावातून फक्त कौतुक ऐकू येईल.

आता मी घरोघर तेच बजावत फिरते आहे. कौतुक करा, गोड बोला, तक्रारी घरी ठेवा. माझंही भाषण तयार आहे. तू येशील तेव्हा घरी उतरायचं नाहीस, हे मला कळतं. आतोबांना अजून कळलेलं नाही, त्यांनी तुझी खोली झाडून ठेवलीय.

तुला बघायला उतावीळ झालेली,
आत्या

दि. २९ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

सगळं घालवलं आम्ही. तू समोरच बसली होतीस, खाली मान घालून भराभरा लिहीत. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. नियम आहे, माहीत आहे. तरी मनाला लागायचं ते लागलंच.

शाळेचं सभागृह भरून लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. सुरुवात किती छान झाली होती. बेकरीवाला गोड बोलला, केस कापणारा गोड बोलला. मग तो फेरीबोटीचा चालक उठला आणि म्हणाला, केंद्र चांगलंच आहे, पण वाऱ्याची बातमी पहिली बोट सुटल्यावर येते, मग ती ऐकून मी पाण्यात काय करू? झालं. बांध फुटला. कुणी म्हणे, दुपारची गोष्ट मध्येच तोडून राजधानीची भाषणं लावतात. कुणी म्हणे, एकच गाणं आठवड्यात किती वेळा ऐकायचं. मी मागे वळून वळून डोळे वटारत होते. अध्यक्षबाईंनी ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, बोलू द्या त्यांना. आमची गप्पीसुद्धा उठली. पहाटेच्या पाळीला फक्त खरखर ऐकू येते, तेव्हा आम्ही कामाला येत नाही का, असं तिने त्या खणखणीत आवाजात विचारलं.

मग माझी पाळी आली. भाषणाच्या कागदाची घडी उघडली, कौतुकाची पहिली ओळ समोर होती. निवेदक पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. आणि बुटके, माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. मी म्हणाले, "संध्याकाळी आमच्या गेलेल्या माणसांची नावं घाईत वाचू नका. ती रेडिओवर एकदाच येतात."

निवेदकाने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मी त्याला शब्द दिला होता. घरी येऊन जेवले नाही. आतोबा म्हणतात, खरं तेच बोललीस. पण खरं बोलून केंद्र गेलं तर त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू?

तुझ्याकडून उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहिलं. सुखात राहा.

आत्या

दि. २७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अंतिम अहवाल आज सकाळी जाहीर झाला आणि आता मी मोकळी झाले. उभ्यानेच लिहिते आहे, बसवत नाही. तुमचं केंद्र राहिलं.

तू म्हणतेस घालवलं. अगं, तुम्हीच वाचवलंत, आणि ज्या गोष्टीची तुला लाज वाटली त्याच गोष्टीने. तुमची मागणी ऐकून आणखी दोन गावांनी सुनावणी मागितली होती, आणि त्या तुमच्या आधी झाल्या. तिथे सगळे गोड बोलले. केंद्र आमचा अभिमान आहे, आमची शान आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं, काल काय ऐकलंत? तर कुणाला सांगता येईना. तुमच्या गावाहून परत येताना गाडीत एक सदस्य म्हणाले, लोक फार नाराज दिसले, बंदच करावं. त्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "जो ऐकत नाही, त्याला वाऱ्याची बातमी उशिरा येते हे कळणारच नाही." मी पुढच्या सीटवर वही घट्ट धरून बसले होते. आरडाओरडा करावासा वाटत होता, आणि चेहरा मात्र फाइलीसारखा ठेवायचा होता.

सगळंच मिळालं असं नाही. लहान स्टुडिओ बंद होणार, दुपारचा गाण्यांचा तास गेला, आणि दोन वर्षांनी केंद्राकडे पुन्हा पाहणार आहेत. पण हवामान पहिल्या बोटीच्या आधी येईल आणि प्रसारण पहाटेच्या पाळीपासून सुरू होईल. आणि मोजणीची पद्धतच बदलतेय, आत्या, सगळ्या केंद्रांसाठी. घरांबरोबर कामाच्या जागाही मोजायच्या, आणि 'तुम्ही समाधानी आहात का' या प्रश्नाऐवजी 'काय ऐकलंत आणि काय खटकलं' असं विचारायचं. ते विचारत गावोगाव फिरायला माझी नेमणूक झालीय. सोमवारी निघते. बॅग भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली.

त्या दिवशी तुझ्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर रडले असते. तुझं वाक्य मात्र जसंच्या तसं उतरवून घेतलं. फिरता फिरता तुझ्या दारात येईन, तेव्हा नियमबियम काही नसेल. तोवर जशी आहे तशी मला पदरात घे.

तुझी,
बुटकी

दि. २४ मे

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

अहवाल आला त्या दिवशी लाँड्रीत काम झालंच नाही. गप्पीने गाडीभर चादरी तशाच सोडून आम्हाला केंद्राच्या फाटकापर्यंत ओढत नेलं. निवेदक बाहेर आला. मी माफीची वाक्यं मनात जुळवत होते. त्याने बोलूच दिलं नाही. म्हणाला, नावं घाईत वाचतो, कारण वाचताना गळा भरून येतो. ओळखीची माणसं असतात ना. पोस्टकार्डांत असलं काही माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. गप्पीचे वडील वारले. म्हातारे होते, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. दुपारी लाँड्रीत फोन वाजला. निवेदक होता. त्याने गप्पीला विचारलं की वडिलांचं नाव कागदावर आलंय, पण घरात ते कसं उच्चारतात? तिने सांगितलं. त्याने तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

संध्याकाळी शोकवार्ता लागायच्या वेळी आम्ही इस्त्रीची यंत्रं बंद केली. वाफ निवत गेली. त्याने सावकाश वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि मग क्षणभर थांबला. त्याचा आवाज भरून आला, पण तो लपवायला त्याने घाई केली नाही. गप्पी फळीखाली हात जोडून उभी होती. मग आम्हाला म्हणाली, बाबांना आयुष्यात कुणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती, आज सगळ्या गावाने ऐकली.

थोड्या वेळाने तिनेच यंत्र सुरू केलं आणि आम्ही राहिलेल्या चादरी संपवल्या.

तू फिरतेस तिथे जेवणाची आबाळ करू नकोस, आणि लोक तक्रार करायला लागले की कंटाळू नकोस. दार उघडं आहे, खोली आतोबांनी पुन्हा झाडलीय. ये, आणि आम्हा दोघांना असाच जीव लावत राहा.

तुझी,
आत्या