सातवी गोचीड

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये. मुख्यतः बाबांनी. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून (चूक सरांची होती, माझा फक्त आवाज मोठा होता) बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईतर्फे बोलतात. त्याला सांग, पंखा बंद कर. मी समोरच बसलेला असतो.
संकल्प : एक, राग सोडणे. दोन, तिला मनातलं सांगणे.

३ मार्च, दुपार
मालकाशी भांडलो. आमचं कुत्री धुण्याचं दुकान. मालक मला मुद्दाम ‘डॉक्टर’ म्हणतो, जनावरांच्या डॉक्टरकीची दोन वर्षं पाण्यात गेली म्हणून. संकल्प एक उद्यापासून.

५ मार्च
ती समोरच्या जनावरांच्या दवाखान्यात, लॅबमध्ये. गोचिड्यांच्या पोटात तापाचे जंतू आहेत का ते तपासते. म्हणाली, कुत्री धुताना सापडतील त्या सगळ्या स्पिरिटमध्ये टाकून एकदम आणून दे. बाटली दिली. बोटाला बोट लागलं. (हातमोजा होता. तिचा.)

६ मार्च
एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानात सात सापडल्या. एकदम दिल्या तर भेट एकच. रोज एक दिली तर सात! हे गणित कॉलेजात कुणी शिकवलं नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेली रोज ताजी कशी दिसणार? म्हणून जिवंत, काडेपेटीत. काडेपेटी उशीखाली. तिथे आई झाडत नाही.

७ मार्च
पहिली दिली. एवढीच का, म्हणाली. सध्या, म्हणालो. माझ्याकडे दीड सेकंद बघितलं. सुरुवात झाली.

८ मार्च
दुसरी दिली. उशीला कान लावला की आत चालल्याचा आवाज येतो. गोचिडीच्या चालण्याला आवाज नसतो. एवढं दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलोय.

९ मार्च
पाच हव्यात. चार आहेत. तीनदा मोजल्या.
चादर झटकली, गादी उलटी केली. आईने विचारलं, काय हरवलं. म्हणालो, पेनाचं टोपण. तीही शोधायला लागली.
दुपारी बाबा माझ्याच कॉटवर झोपतात, धड चालणारा पंखा इथेच आहे. सांगायला हवं. पण ही गोष्ट आईतर्फे कशी सांगणार? उद्या.

१३ मार्च
सहावी दिली. आता लॅबमध्ये जायला कारण नाही.
सातवी मात्र दिसते. भिंतीवरचा खिळा. भातातला खडा. मालकाच्या मानेवरचा तीळ (त्यावर चापट मारली. कडाक्याचं भांडण. आता बोलणं बंद). आरशात, माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात. आठ पाय. कसलीच घाई नाही.

१६ मार्च
अंगात कणकण, भूक गेली, छातीत धडधड. प्रेमच. थर्मामीटर लावलं तर अगदी नॉर्मल. थर्मामीटर बिघडलंय.

१७ मार्च
बाबांना ताप. त्याच थर्मामीटरवर एकशे तीन. बिघडलेलंच आहे ते.

१९ मार्च
बाबांच्या तळहातांवर लाल ठिपके. काखेत काळी खपली, विझलेली काडी टेकवल्यासारखी. डॉक्टरांनी विचारलं, घरात जनावर आहे का, गोचीडबिचीड चावली का. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आमच्याकडे साधं मांजर नाही. हे खरं आहे. शब्दशः खरं आहे.
काडेपेटी रिकामी आहे. आवाज येतोच.

२० मार्च, सकाळी अकरा
बाबा तापात बरळले. आठ महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी. म्हणाले, ऊठ रे, कॉलेजला उशीर होतोय. मी कॉटशेजारी उभाच होतो.

२० मार्च, दुपार
चपला न घालता लॅबमध्ये गेलो. मनातलं सगळं सांगितलं. म्हणजे गोचिडीचं. तिने आधी आमच्या डॉक्टरांना फोन केला, मग मला झाडलं. मी दिलेल्या सहापैकी दोघींमध्ये जंतू निघाले होते. तीन दिवस ती दुकानात निरोप ठेवत होती. मालकाने मला दिला नाही. बोलणं बंद होतं ना.
बाबांना अ‍ॅडमिट केलं. योग्य गोळ्या आज सुरू. डॉक्टर म्हणाले, कालच कळायला हवं होतं. मी मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाची चूक.

२५ मार्च
बाबा घरी. ताप उतरला, पाय अजून लटपटतात. आईला म्हणाले, त्याला सांग, पंखा लाव. पहिल्यांदाच ‘लाव’.
लॅबमध्ये कळवायला गेलो. तिच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावाच्या जागी ‘गोचीडवाला’. पुढे शेरा : सातपैकी सहा मिळाल्या. लेबल चिकटवता चिकटवता म्हणाली, पोट भरलेली मादी फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. घरात फवारणी करून घ्या. दीड सेकंदही बघितलं नाही.

२६ मार्च, संध्याकाळ
फवारणी झाली. फटी बुजवल्या. नवा संकल्प : न घाबरणे.
हे लिहिताना मानेमागे काहीतरी चाललंय. हळू. घाई नाही. हे प्रेम नव्हे, एवढं आता कळतं. हात मागे न्यायचा धीर होत नाही.
हाक मारली. आईला नाही. बाबांना. थेट.