खुर्चीचं उत्तर

दि. ४ ऑगस्ट

चि. मास्तर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा उधार.

तुझ्या क्लासमधली पोरं तुला घाबरतात हे ऐकून करमणूक झाली. असो, कामाचं बोलते. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात मी इतकी वर्षं इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी आहे की आता कमरेनेच राजीनामा दिलाय. आमचे भांडारप्रमुख निवृत्त होताहेत. त्यांची जागा, म्हणजे मुख्यतः त्यांची खुर्ची, इंग्रजीच्या परीक्षेवर मिळणार. दोनदा आपटले, ही शेवटची संधी.

व्याकरण जमतं. ते शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न मात्र जीव खातात. सरावाच्या पुस्तकातलाच एक बघ: पिलोचं स्लीपशी जे नातं, तेच चेअरचं कशाशी? पर्याय होते वुड, सिट, लेग आणि नॅप. मी नॅप लिहिलं, म्हणजे डुलकी. भांडारप्रमुखांना रोज दुपारी बघते, दुसरं काय लिहिणार? तर पुस्तक म्हणे चूक.

सरावाची उत्तरं सोबत पाठवतेय. हसलास तर आईला सांगेन.

लोभ आहेच, उत्तर लवकर धाडलंस तर वाढेल.
तुझी ताई

दि. ११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न., जरा लांबूनच.

हसलो. आईला सांग.

टीचरचं स्कूलशी, तेच कुकचं कशाशी? तू किचन सोडून गार्डन लिहिलंस, कारण तुमचा स्वयंपाकी तिथे बिड्या ओढत बसतो. नाइफचं कटशी, तेच ब्रूमचं? स्वीप सोडून तू बीट, म्हणजे झोडपणं, लिहिलंस. हे मात्र माझ्या पाठीला पटलं.

तुझं इंग्रजी ठीक आहे. प्रश्नातली माणसं तुझ्या ओळखीची निघतात, तेच नडतं. आधी पहिल्या जोडीचं साधं वाक्य कर: उशी झोपण्यासाठी असते. तेच वाक्य दुसऱ्या जोडीला चढव: खुर्ची बसण्यासाठी असते. तुमचे साहेब तिच्यावर काय करतात हे कुणी विचारलेलं नाही. परीक्षेपुरतं जगात आपल्या ओळखीचं कुणी नाही असं समज. मीसुद्धा.

कमरेला शेक दे. धपाटा माफ करून लोभ ठेवावा.
तुझा मास्तर

दि. २ सप्टेंबर

चि. मास्तर यास अनोळखी बाईचे आशीर्वाद.

पेपर दिला. टॉर्चचं लाइटशी, तेच फॅनचं कशाशी? ब्रीझ आणि नॉइज, दोन्ही पर्याय समोर. आमच्या खात्यातला पंखा कानात घरघरत होता, तरी काळजावर दगड ठेवून ब्रीझ लिहिलं. खुर्चीही आली होती. तिला सिट लिहिलं. एवढं खोटं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

निकाल लागेपर्यंत उभीच आहे. कळावे.
ताई

दि. ७ ऑक्टोबर

चि. मास्तर यास पोटभर आशीर्वाद.

पास झाले. काल खुर्ची ताब्यात घेतली. हातांची आहे, गादी मऊ, एक चाक जरा रुसलेलं. सकाळभर ताठ बसून तुझं वाक्य घोकत होते, खुर्ची बसण्यासाठी असते. जेवण झालं, चादरींचे गठ्ठे तपासायला घेतले, आणि पुढचं मला आठवत नाही. शिपायाने टेबलावर चहा आपटला तेव्हा जाग आली. आधीच्या साहेबांनाही तो असाच उठवायचा, असं त्याने अदबीने सांगितलं.

तेव्हा मास्तर, पोरांना काय शिकवायचं ते शिकव. माझा सरावातला एक गुण मात्र परत पाठव. नॅपच बरोबर होतं.

कंबर बरी आहे. लोभ असाच राहू दे, पण दुपारी पत्र पाठवत जाऊ नकोस.
तुझी ताई