उरलेल्या वीस जागा

१० एप्रिल, बुधवार
बर्फ. एप्रिलमध्ये. बेसबॉलच्या मैदानावर चार इंच. दक्षिणेकडची कॉलेजं फेब्रुवारीपासून अर्ध्या बाह्यांत खेळतायत आणि आम्ही इथे आयोवात फावडी घेऊन दुसरा बेस शोधतोय. समितीला हे दिसत नाही. समितीला आकडे दिसतात.

निश्चय: या वर्षी आकड्यांनाच हरवायचं.

परिस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी (म्हणजे मीच) म्हणायला नको की कल्पना नव्हती. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या देशभरच्या बाद फेरीत, साठ टीम. चाळीस लीग, त्यांचे चाळीस विजेते थेट आत. उरल्या वीस जागा. बाकीच्या साडेतीनशे कॉलेजांत त्या समिती वाटणार. कशावरून? किती जिंकलात, समोरचे किती तगडे होते, आणि विभागाच्या क्रमवारीत असलेल्या टीमना किती वेळा हरवलंत.

टर्की रिव्हर कॉलेज एकोणीस वर्षं प्लेऑफला गेलेलं नाही. त्यातली अकरा वर्षं मी कोच आहे. म्हणजे आठ वर्षांचा दोष मुळात माझ्याकडे येतच नाही.

यंदा कोल्बी ओकरलंड आहे. शेवटचं वर्ष. असा पिचर, असा चेंडू फेकणारा, आमच्या वाट्याला चुकून आला; मोठ्या कॉलेजांची माणसं त्याला बघायला आली तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. चार वर्षं एकच मागतोय: प्लेऑफची एक मॅच. एक. मी शब्द दिलाय.

१३ एप्रिल, शनिवार
ऊन. आज ग्रेस मेडो बायबल कॉलेजशी दोन मॅच होत्या. ते सतरा हरलेत, दोन जिंकलेत. असल्यांना हरवलं की आपलाच आकडा खाली येतो. मोठी माणसं असं खेळत नाहीत. साडेदहाला कळवलं, मैदान ओलं आहे, रद्द.

त्यांची बस पार्किंगमध्ये उभी होती. दोन तास प्रवास करून आले होते म्हणे. त्यांचा कोच शांतपणे मैदानात गेला, बुटाने माती उकरली. धुरळा उडाला. माझ्या डोळ्यात गेला. तो म्हणाला, खालून ओलं असेल बहुतेक. असला सभ्यपणा माझ्या डोक्यात जातो.

गसने त्यांच्या पोरांना आमचे सँडविच वाटले. आमचे! गस माझा असिस्टंट. वय सत्तर. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, तेव्हापासून कुणाला भीत नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, अरे ऑर्लिन, खेळायला आलेल्या पोरांना परत धाडतोयस, निदान खोटं तरी धड बोल.

निश्चय: पुढच्या वर्षी नवा असिस्टंट. (मागच्या वर्षीच्या वहीतही हेच सापडलं. तरी कायम.)

२४ एप्रिल, बुधवार
आजपासून आमच्या विभागाच्या समितीचे फोन सुरू. दर बुधवारी सकाळी दहा वाजता. आठ लीग, प्रत्येकीचा एक कोच. आमच्या लीगने मला निवडलं, माझ्या निःपक्षपातीपणामुळे. (मार्लिसचं म्हणणं, निवड झाली त्या बैठकीला मी एकटाच गैरहजर होतो म्हणून. बायकोला असल्या गोष्टी बऱ्या लक्षात राहतात.)

नियम असा की आपल्या कॉलेजवर चर्चा निघाली की आपण फोन ठेवायचा. झाली की ते परत लावतात. मी पाच मिनिटं स्वयंपाकघरात उभा राहून फ्रीजवरचे लोहचुंबक मोजले. परत घेतलं तेव्हा आम्ही चौथे. चौथे! आमच्या पुढे तीन टीम, तिन्ही आपापली लीग जिंकून थेट आत जातील असं दिसतंय. म्हणजे विभागातून समितीच्या हातची पहिली जागा चौथ्याची. म्हणजे माझी. फक्त एक उणं: क्रमवारीतल्या टीमविरुद्ध आमचा विजय एकच.

तेव्हा सुचलं. सेंट एल्मर! इथून चाळीस मैलांवरचं कॉलेज. मार्चमध्ये दोघांचीही मैदानं बर्फाखाली, म्हणून दोघे फ्लोरिडाला जाऊन एकमेकांशीच खेळलो. दोन्ही मॅच आम्ही जिंकलो. पण क्रमवारी फक्त पहिल्या आठांची, सेंट एल्मर त्यांत नाही, त्यामुळे ते दोन विजय पाण्यात. त्यांना कुणीतरी आठांत आणलं, तर माझ्या एका विजयाचे तीन होतात.

कुणीतरी म्हणजे मी. यात लबाडी काही नाही. अकरा मिनिटं बोललो. ‘झुंजार’ हा शब्द चारदा वापरला. अध्यक्ष पेलम म्हणाले, ऑर्लिन, एवढा जीव जडलाय तर तिकडेच नोकरी का नाही धरत? सगळे हसले. हसा.

सेंट एल्मर आठवे.

मार्लिसने विचारलं, कुणाचं कौतुक चाललं होतं एवढ्या मोठ्या आवाजात? सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे स्वतःला वर जायचंय म्हणून शेजाऱ्याला आधी वर चढवतोयस? आणि तो वरच बसला तर? मार्लिस शाळेत ग्रंथपाल आहे. तिला आकडेवारी कळत नाही.

१ मे, बुधवार
पेलम म्हणाले, पण तूच त्यांना मार्चमध्ये दोनदा लोळवलंस ना? मी सणसणीत उत्तर दिलं. म्हणालो, मार्चमधलं सेंट एल्मर विसरा. आजचं सेंट एल्मर कुणालाही हरवेल, आम्हालासुद्धा. असा मुद्दा त्यांनी जन्मात ऐकला नसावा. पेलमनी लिहून घेतला.

सेंट एल्मर सहावे. आम्ही चौथे. क्रमवारीतल्यांविरुद्ध विजय: तीन. आकड्यांना असं वाकवतात.

दुपारी मर्ल हॉक्सीचा फोन. मर्ल सेंट एल्मरचा कोच. सहा वर्षांपूर्वी त्याने माझा शॉर्टस्टॉपवरचा एक खेळाडू पळवला, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. म्हणाला, तू आमच्याबद्दल चांगलं बोलतोयस असं ऐकलं, म्हटलं तब्येत विचारावी. मेला कुठला.

४ मे, शनिवार
हरलो. वारा आडवा. पंच आंधळा.

निश्चय: पंचांशी बोलायचं नाही. (सातव्या इनिंगला मोडला. मैदानाबाहेर काढलं. उरलेली मॅच पार्किंगमध्ये पिकअपच्या टपावर उभा राहून पाहिली. तिथून त्याचं आंधळेपण जास्त स्पष्ट दिसतं.)

८ मे, बुधवार
सेंट एल्मर पाचवे. आम्ही अजून चौथे. आज मी त्यांच्याबद्दल बोललोच नाही, इतरांनीच बोलून टाकलं. माझेच शब्द वापरत होते.

उद्यापासून लीगची स्पर्धा. गुरुवार, शुक्रवार, शनिवारी फायनल. जिंकणारा थेट आत. आम्हाला थेटची गरज नाही, आमची जागा समितीच्या खिशात आहे. म्हणून ठरवलं: कोल्बी लीगच्या स्पर्धेत पिचिंग करणार नाही. ताजा ठेवायचा. पुढच्या शुक्रवारी प्लेऑफची पहिली मॅच, तिथे सोडायचा.

गसला सांगितलं. त्याने तोंडातल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली आणि म्हणाला, शनिवार ते शुक्रवार सहा दिवस होतात, सहा दिवसांत पोराचा हात परत ताजा होतो. मी म्हटलं, मागच्या शनिवारपासून धरले तर तेरा होतात, तेरा दिवस त्याहून चांगले. तो म्हणाला, अरे बाबा, तू असली लग्नपत्रिका छापतोयस ज्यात मुलगी अजून ठरायचीय. मी म्हटलं, तुला क्रमवारी कळत नाही. तो म्हणाला, मला शनिवार कळतो.

कोल्बीने ऐकून घेतलं. फक्त म्हणाला, कोच, माझा हात ठीक आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

११ मे, शनिवार
फायनल. लॉरेल ग्रोव्हशी. ते क्रमवारीत नाहीत, नव्हते, पुढच्या शंभर वर्षांत येणार नाहीत.

नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत ६-४ ने पुढे. मग पहिल्या वर्षाच्या पिचरने त्यांची माणसं चढू देऊन तिन्ही बेस भरून टाकले. गसने माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. तिकडे कोल्बी कुणी न सांगता हात गरम करत होता. मी ओरडलो, खाली बस! तो बसला. गस म्हणाला, ऑर्लिन, आत्ता. आत्ता नाही तर कधी नाही. मी म्हटलं, शुक्रवारी. पुढच्याच चेंडूवर त्या भोपळ्याने, त्यांच्या जाड्या कॅचरने, चेंडू कुंपणापलीकडच्या सोयाबीनच्या शेतात टोलावला.

एका फटक्यात चार धावा. ६-८. तिथेच संपलं.

परतीची बस. मी उभा राहून समजावलं की काळजीचं कारण नाही, समितीच्या दृष्टीने एक हार म्हणजे टक्केवारीत दोन अंशांचा फरक. मागून कुणीतरी म्हणालं, कोच, प्लीज.

संध्याकाळी बातमी. सेंट एल्मरही त्यांच्या लीगची फायनल हरले. बारा इनिंग खेळून, विभागातल्या दुसऱ्या नंबरच्या टीमकडून, १-०. मी आठवडाभर मनात म्हणत होतो की मर्ल जिंकू दे, थेट जाऊ दे, माझ्या वाटेत यायला नको. एक काम धड होत नाही त्या माणसाच्याने. हरला तेही शानदार हरला.

१२ मे, रविवार
शेवटचा फोन. अंतिम क्रम आज कुणालाच सांगत नाहीत, तो थेट उद्याच्या यादीत. आधी माझी बाहेर जायची पाळी. आठ मिनिटं. मार्लिसने रुबार्बच्या आंबटगोड देठांची पेस्ट्री ओव्हनमधून काढली आणि विचारलं, चौथेच आहात ना अजून? मी म्हटलं, समितीच्या सभासदाने असं काही सांगायचं नसतं. ती म्हणाली, पण तुलाच तर कुठे सांगितलंय त्यांनी.

परत घेतल्यावर सेंट एल्मरचा विषय. मी घसा साफ केला. म्हटलं, मित्रहो, घाई नको. सेंट एल्मर सामान्य टीम आहे. बॅटिंग पोकळ, डगआउटमध्ये शिस्त नाही. मार्चमध्ये आम्ही त्यांना दोनदा हरवलं, हा पुरावा.

कागद चाळल्याचा आवाज आला. पेलम वाचू लागले: मार्चमधलं सेंट एल्मर विसरा, आजचं सेंट एल्मर कुणालाही हरवेल, आम्हालासुद्धा. मग त्याआधीच्या बुधवारचं. झुंजार, झुंजार, झुंजार, झुंजार. पेलम म्हणाले, कोण बोललं हे, नाव लिहायचं राहून गेलं बहुतेक.

मी म्हटलं, त्या वेळची परिस्थिती वेगळी होती. कुणीतरी म्हणालं, हो, त्या वेळी तुम्ही हरला नव्हता. समिती ही चीज मुळातून बंद करायला हवी. फोनला चिकटलेल्या कोचांना दुसऱ्या कॉलेजांचं भलं बघताच येत नाही.

१३ मे, सोमवार
जेवणाच्या हॉलमध्ये मोठा पडदा. यादी दुपारी. सगळी टीम जर्सी घालून. कॉलेजच्या अध्यक्षीणबाई केक घेऊन आल्या. त्यावर काय लिहायचं ते मी बेकरीला गुरुवारीच सांगितलं होतं. आता वाचवत नाही.

चाळीस विजेते झाले. मग उरलेल्या वीस. एकोणीसपर्यंत नाव नाही. मी पोरांना म्हटलं, उत्कंठा वाढवतात, टीव्हीवाले असेच. विसावं नाव सेंट एल्मर.

सोबत कारणंही छापतात. सेंट एल्मर: अखेरच्या टप्प्यात उत्तम खेळ. तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने (टर्की रिव्हरशी दोनदा). म्हणजे आमच्याकडून हरल्याचेही त्यांना गुण! आणि त्यांना हरवल्याचे आम्हाला? तेही आहेत म्हणे, पण लॉरेल ग्रोव्हकडून हरल्यावर पुरले नाहीत.

पोरांनी केक खाल्ला. भूक कशाने मरते या वयात? कोल्बीने नाही खाल्ला.

निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. चौदा पानं झाली. मार्लिसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण हे पाठवायचं कुणाला? पत्ता बघितला. आमच्या विभागाच्या तक्रारी विभागाच्या समितीकडेच जातात. म्हणजे पुढच्या वर्षीच्या पहिल्या फोनवर मला मीच वाचून दाखवायचं.

मर्लचा निरोप फोनच्या यंत्रावर. आभार, ऑर्लिन, तुझ्याशिवाय जमलं नसतं. खवचटपणा असता तर परवडलं असतं. मनापासून म्हणत होता गाढव.

१६ मे, गुरुवार
निश्चय: समितीच्या सभासदत्वाचा राजीनामा. तीव्र शब्दांत. (पेलमनी कळवलं, मुदत तशीही संपलीच आहे.)

कोल्बी जर्सी परत द्यायला आला. धुतलेली, इस्त्री केलेली, आईने घडी घातलेली. चार वर्षांबद्दल आभार मानले. मी म्हटलं, अन्याय झाला आपल्यावर, पोरा. तो हो म्हणाला. मग म्हणाला, कोच, एक विचारू का? शनिवारी मला कुठल्या मॅचसाठी राखून ठेवलं होतंत?

मी वही काढली. टक्केवारी दाखवली, तगड्या प्रतिस्पर्ध्यांचा आकडा दाखवला, एका विजयाचे तीन कसे केले ते दाखवलं. त्याने सगळं नीट ऐकलं. पोरगा मुळात नम्र. मग म्हणाला, काकांकडे मक्याची पेरणी चालू आहे, बारापर्यंत ट्रॅक्टरवर पोचायचंय. हात मिळवला. त्याचा हात खरंच ठीक होता. अजून दुखतायत माझी बोटं.

तो गेल्यावर गणित नव्याने मांडून बघितलं, फक्त शनिवारपासून. आठवी इनिंग, ६-४, कोल्बी मैदानात. जिंकलो. थेट आत.

एका ओळीत संपलं. दोनदा तपासलं. समिती कुठेच येत नाही त्यात.