जंताचं औषध आणि गुळाचा खडा

आई,

आज शनिवार, दुपारचे दोन. दवाखाना बंद करून सगळे गेले आणि मी केसपेपरच्या टेबलाशी बसून तुला लिहितोय. तू गेल्यावर राखोलीच्या याच दवाखान्यात मला कामाला लावून घेतलं. तू सुया उकळायचीस त्या खोलीत आता नव्या सिस्टर बसतात. आई, आज त्यांनी जे केलं ते तुला कधी एकदा सांगतो असं झालंय!

सकाळी मसाटच्या कारखान्यातला एक कामगार, धुळ्याकडचा, दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. ती पोट धरून वाकलेली. याआधीही येऊन गेलेली. "सिस्टर, एक जोरदार सुई द्या. माझी ड्यूटी बुडते. नाहीतर शाळा बंद करतो आन् गावी धाडतो हिला." मी केसपेपरवर 'पोटदुखी' लिहिलं आणि आपलं स्वयंपाकघर दिसलं. शाळेची वेळ झालीय, मी स्टोव्हजवळ पोट धरून बसलोय, तू पांढऱ्या साडीत, घाईत. चमच्यात जंताचं औषध, त्यावर गुळाचा खडा. "नर्सचा मुलगा आणि सोंगं करतोस? लोक काय म्हणतील मला?" शेवटी सातवीतच माझी शाळा सुटली.

सिस्टरांनीही जंताचीच बाटली उचलली होती. पण गेल्या महिन्यात त्या सिल्वासाला प्रशिक्षणाला जाऊन आल्या. तिथे एक डॉक्टरीणबाई मुलांच्या मनाच्या दुखण्यांबद्दल बोलल्या म्हणे. तेव्हा सिस्टर हसल्या होत्या, "आता पोरांचं मनही तपासायचं! आमचं कोण तपासणार?" आज मात्र बाटली हातातच राहिली. "रविवारी दुखतं का गं?" मुलीने मान हलवली, नाही. सिस्टरांनी बापाला चहाला पिटाळलं आणि तिला जवळ बसवून घेतलं. तेव्हा ती बोलली, "शाळा गुजराती हाय. बाई काय बोलता ते समजतच नाही. उभं करता. पोरी हसता." आणि रडायलाच लागली.

बाप आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, पोर सोंग करत नाही. तिला खरंच दुखतंय. पण ते शाळेतली गुजराती कळत नाही, त्या भीतीनं."

"भीतीनं कुठं पोट दुखतं?"

"सुपरवायझरनं आत बोलावलं की तुमच्या पोटात काय होतं?"

तो ओशाळून हसला. "मराठी शाळा लांब पडते," म्हणाला. मग म्हणाला, "सायकलवर सोडत जाईन." जाताना मुलगी ताठ चालत होती, आई!

'खरंच दुखतंय.' मी दारात उभा राहून ऐकत होतो. तुला हे कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं असतं, तर रविवारचं तूच पहिल्यांदा विचारलं असतंस, याची मला खात्री आहे. तूही घाबरलेलीच होतीस ना गं, लोकांना?

हे पत्र टेबलाच्या खणातच राहील. एक तेवढं सांगतो, अजूनही सोमवारी कामावर निघताना पोटात कळ येते. मग मी गुळाचा खडा तोंडात टाकतो. थांबते.